लॅपटॉप जागा झाला, वायफाय झोपूनच राहिलं : लिनक्सवर बिघाड कसा शोधायचा

झाकण मिटलं, थोड्या वेळाने उघडलं. पडदा उजळला, उघड्या खिडक्या जागच्या जागी आहेत, फक्त वायफाय नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, आणि पुढच्या वेळी झाकण मिटलं की पुन्हा तोच प्रकार. लिनक्स नव्याने वापरणाऱ्या बऱ्याच जणांची ही तक्रार असते. रीस्टार्टने तात्पुरतं भागतं खरं, पण त्याबरोबर मशीनची बिघडलेली अवस्थाही निघून जाते, मग नेमकं काय अडलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्या पाच मिनिटांत एखादी तयार स्क्रिप्ट हाती लागेल. ती कुणाच्या तरी लॅपटॉपवर चाललेली असते, तुमच्यावर चालेल याची खात्री नाही. ‘वायफाय गेलं’ हे लक्षण एकच असलं तरी ते चार निरनिराळ्या जागांवरून येतं: रेडिओ बंद करणारा स्विच, जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर, कार्ड चालवणारा ड्रायव्हर, आणि खुद्द कार्ड. यातली कोणती जागा अडली हे ठरवायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. ती आधी द्या, स्क्रिप्ट नंतर.

कमांड वाचायच्या कशा

या लेखात कमांड देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये मात्र त्या इंग्रजीतच टाइप करायच्या. जिथे अक्षरांची नावं दिसतात, उदाहरणार्थ एनएमसीएलआय, तिथे तीच अक्षरं सलग टाइप करा. जिथे ओळखीचा शब्द आहे, उदाहरणार्थ लिस्ट, तिथे त्याचं नेहमीचं स्पेलिंग. अक्षरं सगळी लहान. अपवाद फक्त नेटवर्कमॅनेजर या नावाचा, त्यातलं एन आणि एम मोठं असतं आणि मधे जागा नसते. आकडेही इंग्रजीच. मेम म्हणजे एम, ई, एम. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ. ते जिथे आहे तिथे पासवर्ड विचारला जाईल.

आधी झोप कोणती ते बघा

लॅपटॉपच्या झोपेचे तीन प्रकार तुमच्या वाट्याला येऊ शकतात, आणि वायफाय कार्डाच्या दृष्टीने तिन्हींत बराच फरक आहे.

पहिला प्रकार डीप, म्हणजे जुन्या भाषेत एस३. यात रॅमला तेवढी वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद होतं. जाग आल्यावर ड्रायव्हरला कार्ड नव्याने मांडून घ्यावं लागतं. पुष्कळ कार्डांमध्ये फर्मवेअर, म्हणजे कार्डातच चालणारा प्रोग्राम, पुन्हा चढवावं लागतं. दुसरा एस२आयडल. यात मशीन पूर्ण झोपत नाही: प्रोसेसर निष्क्रिय होतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एकेका उपकरणाला कमी विजेच्या अवस्थेत ढकलतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर हाच प्रकार असतो, काहींवर तर डीपचा पर्यायच नसतो. तिसरा हायबरनेट. यात रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत, लिहून मशीन खरोखर बंद होतं. उठताना आधी एक ताजा कर्नल सुरू होतो, तो स्वॅपमधली प्रत वाचतो आणि ताबा जुन्या कर्नलकडे देतो. कार्डाला मात्र तोवर नव्याने वीज मिळालेली असते.

तुमच्याकडे काय आहे ते असं बघा:

कॅट /एसवायएस/पॉवर/मेम_स्लीप

जो शब्द चौकटी कंसात दिसेल तो सध्या वापरात असलेला प्रकार. दोन्ही शब्द दिसत असतील तर तुमच्यापुढे निवड आहे; एकच असेल तर नाही.

आता दोन्ही करून बघा, सस्पेंड (म्हणजे पहिल्या दोनपैकी तुमच्याकडे वापरात असलेला प्रकार) आणि हायबरनेट. हायबरनेटनंतर वायफाय नीट येतं आणि सस्पेंडनंतर येत नाही, असं असेल तर संशय कार्डाच्या वीज-अवस्थेवर किंवा ड्रायव्हरच्या उठण्याच्या पद्धतीवर घ्यायचा. दोन्ही वेळा जात असेल तर वरच्या थरांकडे, म्हणजे स्विच आणि नेटवर्कमॅनेजरकडे, आधी बघावं. हायबरनेटचा पर्यायच दिसत नसेल तर घाबरू नका. स्वॅप पुरेसा नसला, किंवा सिक्युअर बूट चालू असताना कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे कडक सुरक्षेच्या अवस्थेत, असला, तर तो बंद असतो.

दर वेळी झाकण मिटत बसण्यापेक्षा आरटीसीवेक वापरा. ठरलेल्या सेकंदांनी तो लॅपटॉपला आपोआप उठवतो:

सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ३०

यात एक खोच आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. ही कमांड थेट कर्नललाच झोपायला सांगते. सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला बाजूला ठेवते, त्यामुळे नेटवर्कमॅनेजरला झोपेची पूर्वसूचना मिळत नाही. नेहमीच्या मार्गाने झोपवायचं असेल तर:

सुडो आरटीसीवेक -एम नो -एस ३०
सिस्टमसीटीएल सस्पेंड

पहिली ओळ फक्त गजर लावते, दुसरी झोपवते. दोन्ही लगोलग द्या. थेट कर्नलच्या मार्गाने वायफाय दर वेळी टिकतं आणि सिस्टमडीच्या मार्गाने जातं, असं दिसलं तर ड्रायव्हरला सोडा आणि नेटवर्कमॅनेजरला किंवा एखाद्या वीजबचतीच्या प्रोग्रामला धरा. मात्र तीस सेकंदांच्या झोपेत बिघाड दिसला नाही म्हणून तो नाहीच असं मानू नका. काही कार्डं लांब झोपेनंतरच रुसतात, काही फक्त बॅटरीवर असताना. चार्जर काढूनही एकदा बघा.

वायफाय गेलेलं असतानाच करायची तपासणी

हा क्रम वरून खाली जातो. जिथे उत्तर सापडेल तिथे थांबायचं. काहीही करण्यापूर्वी लॉग मात्र बाजूला काढून ठेवा:

सुडो जर्नलसीटीएल -बी > लॉग.टीएक्सटी

१. स्विच

आरएफकिल लिस्ट

प्रत्येक रेडिओपुढे दोन ओळी येतील, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढे येस असेल तर काम सोपं आहे:

सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय

वायफाय लगेच आलं तर त्याला कोण बंद करतं तेवढंच शोधायचं उरतं. एअरप्लेन मोडची कळ किंवा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम, यांतलंच कुणीतरी असतं.

हार्डपुढे येस असेल तर कमांडने काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेला सरकवण्याचा छोटा स्विच आहे का, फंक्शन कळांमध्ये अँटेनाचं चित्र आहे का, ते बघा. दोन्ही नसतील तर एक शक्यता उरते. काही लॅपटॉपवर प्रत्यक्षात स्विच नसतानाच त्याची खोटी स्थिती सांगितली जाते; ती सांगतं कर्नलमधलं त्या कंपनीसाठीचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा काढता-घालता येणारा तुकडा. अशा वेळी यादीत फाय०शिवाय (ते खुद्द वायफाय कार्डाचं नाव) लॅपटॉपच्या मालिकेच्या नावाची आणखी एक नोंद दिसते. आयडियापॅड मालिकेतल्या काही जुन्या मॉडेलांचं हे नेहमीचं उदाहरण. तिथे आयडियापॅड_लॅपटॉप हे मॉड्यूल सुडो मॉडप्रोब -आरने काढून बघतात. ते काढलं की काही फंक्शन कळा बंद पडू शकतात, हे माहीत असू द्या.

२. नेटवर्कमॅनेजर

एनएमसीएलआय डिव्हाइस

इथे वायफायची ओळ आहे की नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. ओळच नसेल तर नेटवर्कमॅनेजरचा दोष नाही, सरळ तिसऱ्या पायरीवर जा. ओळ आहे आणि पुढे डिसकनेक्टेड लिहिलं आहे, तर कार्ड शाबूत आहे, जोडणी तेवढी झालेली नाही. अनमॅनेज्ड असेल तर नेटवर्कमॅनेजरने ते कार्ड आपलं मानलेलंच नाही. अनअव्हेलेबल असेल तर रेडिओ बंद आहे किंवा ड्रायव्हर अडला आहे.

मग हे:

एनएमसीएलआय जनरल

स्टेटच्या रकान्यात असलीप दिसलं, तर झोप संपल्याचा निरोप नेटवर्कमॅनेजरपर्यंत पोचलेला नाही किंवा नेटवर्किंग कुणीतरी बंद केलं आहे. या दोन कमांड द्या:

एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन
एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन

नाहीच जमलं तर सेवा पुन्हा सुरू करा:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर

एवढ्यावर वायफाय आलं तर ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही निर्दोष आहेत. पुढचा अर्धा लेख तुम्हाला लागणार नाही.

एक पोटभेद राहिला. वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही पान उघडत नाही. झोपण्यापूर्वी व्हीपीएन चालू होतं का ते आधी आठवा. ते बंद करून बघा. तसं नसेल तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही सेवा रीस्टार्ट करा. हा झोपेच्या बिघाडाचा धाकटा भाऊ आहे, त्याचा कार्डाशी संबंध नाही.

३. ड्रायव्हर

एलएसपीसीआय -एनएनके

यादी लांब येते. नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. कंसात दोन भागांचा क्रमांक असतो, त्यातला पहिला भाग बनवणाऱ्याचा: इंटेल ८०८६, रिअलटेक १०ईसी, मीडियाटेक १४सी३, ब्रॉडकॉम १४ई४. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. इंटेलवर तिथे आयडब्ल्यूएलवायफाय दिसेल, मीडियाटेकच्या बऱ्याच कार्डांवर एमटी७९२१ई, रिअलटेकवर आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९ने सुरू होणारं नाव, क्वालकॉमवर एटीएच१०के_पीसीआय किंवा एटीएच११के_पीसीआय. हे नाव कुठेतरी लिहून ठेवा. इथून पुढे शोध घेताना लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा हे नाव आणि तो क्रमांक जास्त कामाला येतो. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डं असू शकतात.

ओळ दिसते, पण शेवटी ‘रेव्ह एफएफ’ असं लिहिलं आहे? मग थांबा. कार्डाची जागा यादीत आहे, पण कार्ड उत्तर देत नाही. चौथ्या पायरीवर जा.

आता कर्नल काय म्हणतो ते वाचा:

सुडो जर्नलसीटीएल -बी -के

खालून वर वाचत या. ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ आणि ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ या दोन खुणा सापडतील, आपल्याला त्यांच्या मधलं आणि लगेच नंतरचं हवं आहे. तिथे ‘हार्डवेअर बिकेम अनअव्हेलेबल अपॉन रिझ्यूम’ दिसलं तर उठताना ड्रायव्हरला कार्ड चालू करता आलं नाही. इंटेलवर ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर’ म्हणजे कार्डातलं फर्मवेअर कोसळलं. ‘टाइमआउट वेटिंग फॉर हार्डवेअर अ‍ॅक्सेस’ आणि त्यापुढे शून्य-एक्स व आठ एफ, म्हणजे ड्रायव्हर विचारतो आहे आणि समोरून आवाजच नाही. पीसीआय बसवर, म्हणजे कार्ड ज्या मार्गाने मशीनला जोडलेलं असतं त्यावर, कुणी उत्तर दिलं नाही की सगळे बिट एक वाचले जातात. ‘अनेबल टू चेंज पॉवर स्टेट फ्रॉम डी३कोल्ड टू डी०’ हा संदेश तर स्वतःच निदान सांगतो: कार्डाची वीज पूर्ण तोडली होती, ती परत आल्यावर ते उठलं नाही.

कार्ड यादीत नीट आहे, तर ड्रायव्हर काढून पुन्हा घाला. इंटेलवर असं:

सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम
सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय

थेट आयडब्ल्यूएलवायफाय काढायला गेलात तर ‘इन यूज’ म्हणून नकार येतो, कारण आयडब्ल्यूएलएमव्हीएम त्यावर उभं आहे. म्हणून वरचं आधी काढायचं. कोण कुणावर अवलंबून आहे हे एलएसमॉडच्या शेवटच्या रकान्यात दिसतं. वायफाय ७ची नवी इंटेल कार्डं असतील तर वरच्या मॉड्यूलचं नाव आयडब्ल्यूएलएमएलडी असेल. बाकी ड्रायव्हरांसाठी मघाशी लिहून ठेवलेलं नाव वापरा.

४. कार्डच बेपत्ता

कार्ड उत्तर देत नसेल तर त्याला बसवरून उतरवून पुन्हा शोधायला लावता येतं. एलएसपीसीआयच्या ओळीच्या सुरुवातीला कार्डाचा पत्ता असतो, समजा ०२:००.०. इथे तो वापरताना आधी चार शून्यं आणि विसर्गचिन्हासारखा कोलन लावावा लागतो. तो विसरल्याने कमांड चालत नाही आणि माणूस उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

इको १ | सुडो टी /एसवायएस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/००००:०२:००.०/रिमूव्ह
इको १ | सुडो टी /एसवायएस/बस/पीसीआय/रीस्कॅन

टी म्हणजे टी, ई, ई अशी तीन अक्षरं. कार्ड यादीतून आधीच नाहीसं झालं असेल तर पहिली ओळ गाळा, फक्त रीस्कॅन करा.

रीस्कॅननेही आलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. जादूटोण्यासारखं वाटतं, पण साध्या रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटेलच असं नसतं. इथे ती तुटते. विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोजचं ‘शटडाउन’ हे अर्धवट हायबरनेट असतं आणि कार्ड विचित्र अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकतं.

कायमचा उपाय

स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी अपडेट. कर्नल, लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज आणि लॅपटॉपचं बायोस, तिन्ही. डेबियन-उबंटू घराण्यातल्या काही वितरणांत फर्मवेअरची पॅकेजं वेगळ्या नावांनी असतात, तेवढं बघून घ्या. उलट, अपडेटनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. जुन्यावर चालतं आणि नव्यावर नाही, ही माहिती कर्नलच्या माणसांना सोन्यासारखी असते.

तरीही ड्रायव्हर काढून घालण्याचाच उपाय चालत असेल तर ते काम सिस्टमडीकडे सोपवा. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/ या फोल्डरमध्ये एक फाइल बनवा, नाव काहीही (खालची मॉड्यूलं इंटेलची आहेत, तुमची वेगळी असतील तर ती घाला):

#!/बिन/एसएच
केस "$१" इन
प्री) मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम ;;
पोस्ट) मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय ;;
एसॅक

शेवटचा शब्द म्हणजे केसची अक्षरं उलट्या क्रमाने. झोपण्यापूर्वी सिस्टमडी या फाइलला प्री हा शब्द देतो, उठल्यावर पोस्ट. दुसरा शब्द सस्पेंड किंवा हायबरनेट असतो, तो $२मध्ये मिळतो. बिघाड फक्त सस्पेंडनंतरच होत असेल तर त्यावर अट घालता येईल. फाइलला चालण्याची परवानगी द्यायला विसरू नका:

सुडो सीएचमॉड +एक्स, आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग

(स्वल्पविराम फक्त वाचण्यासाठी, टाइप करू नका.) स्क्रिप्ट चालली की नाही हे सिस्टमडी-सस्पेंड.सर्व्हिस या सेवेच्या लॉगमध्ये दिसतं. चाचणी मात्र सिस्टमसीटीएल सस्पेंडनेच करा; आरटीसीवेकच्या थेट मार्गाने ही फाइल चालतच नाही. ज्या वितरणांत /यूएसआर फक्त वाचता येतं, तिथे /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टममध्ये एक सर्व्हिस लिहून हेच करावं लागतं.

/ईटीसी/पीएम/स्लीप.डी किंवा सस्पेंड_मॉड्यूल्स असा सल्ला कुठे सापडला तर पान बंद करा. ते पीएम-यूटिल्स या झोपेच्या जुन्या साधनाच्या काळातलं आहे, सिस्टमडी तिकडे ढुंकूनही बघत नाही.

वायफाय.पॉवरसेव्ह = २ ही नेटवर्कमॅनेजरला वायफायची वीजबचत बंद करायला सांगणारी ओळही सगळीकडे भेटते. चालू जोडणी मधूनमधून तुटत असेल तर तिचा उपयोग होतो. झोपेतून न उठणाऱ्या कार्डावर तिचा काही परिणाम होईल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

त्यापेक्षा पीसीआयची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, बंद करून बघण्यात अर्थ आहे, विशेषतः रिअलटेक आणि मीडियाटेकवर. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फने संपणारी फाइल करून त्यात तुमच्या ड्रायव्हरची एकच ओळ लिहा. एमटी७९२१ईसाठी:

ऑप्शन्स एमटी७९२१ई डिसेबल_एएसपीएम=१

आरटीडब्ल्यू८८साठी हीच ओळ, फक्त मधलं नाव आरटीडब्ल्यू८८_पीसीआय. आरटीडब्ल्यू८९साठी मधलं नाव आरटीडब्ल्यू८९_पीसीआय आणि पर्याय दोन: डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय आणि डिसेबल_एएसपीएम_एल१एसएस=वाय. मग रीस्टार्ट. किंमत म्हणून बॅटरी थोडी लवकर उतरेल.

डी३कोल्डचा संदेश आला असेल तर कार्डाच्या त्याच पीसीआय फोल्डरमध्ये डी३कोल्ड_अलाउड नावाची फाइल असते. तिच्यात शून्य लिहून झोपवून बघा. रीस्टार्टनंतर ते पुसलं जातं, म्हणून फरक पडला तर यूडेव्हचा, म्हणजे उपकरण दिसताच ठरलेलं काम करणाऱ्या व्यवस्थेचा, नियम करावा लागेल. आणि मेम_स्लीपमध्ये तुम्हाला दोन शब्द दिसले होते ना? मग दुसरा वापरून बघा:

इको डीप | सुडो टी /एसवायएस/पॉवर/मेम_स्लीप

हाही बदल पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतो, त्यामुळे बिनधास्त करून बघता येतो. डीपने प्रश्न सुटला तर ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप घालून तो कायम करा. यादीत डीप नसताना मात्र हे घालून काही होत नाही.

यूएसबीचा वायफाय डोंगल असेल तर वरचं पीसीआयचं सगळं लागू नाही. तो काढून पुन्हा लावल्यावर चालतो का बघा. चालत असेल तर संशय यूएसबी ऑटोसस्पेंडवर, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण आपोआप झोपवण्याच्या सोयीवर, घ्या.

इतकं करूनही कार्ड उठत नसेल तर वितरणाच्या बगट्रॅकरवर तक्रार नोंदवा. त्यात कर्नलची आवृत्ती, एलएसपीसीआय -एनएनकेमधल्या कार्डाच्या ओळी, मेम_स्लीपमध्ये काय दिसलं, सस्पेंड आणि हायबरनेट यांपैकी कशानंतर वायफाय जातं, आणि झोपण्यापासून उठल्यानंतरच्या एका मिनिटापर्यंतचा कर्नल लॉग द्या. वायफाय गेलेलं असताना लॉग काढायचा राहिला आणि रीस्टार्ट झाला, तर जर्नलसीटीएल -बी -१ने मागच्या वेळचा लॉग बहुतेक वितरणांत मिळतो. लॉग चिकटवण्यापूर्वी त्यातले मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख-क्रमांक) आणि तुमच्या वायफायचं नाव झाकून टाका.